जर्मनींतील खाणनगरांचीं ढालचिन्हें व निशाणें

प्रत्येक नगरास नांव असतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु युरोपखंडांतील बहुतेक नगरांस नांवाखेरीज आपलें असें एक चिन्हही असतें, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. हें चिन्ह ढालीच्या आकाराच्या चौकटींत काढलेलें असतें, म्हणून त्यास आपण 'ढालचिन्ह' म्हणूं. नगरसभेच्या दरवाजावर, जुन्या पुलांवर, कारंजांच्या कठड्यांवर, सरकारी कागदांवरील शिक्क्यांत आणि सणाच्या दिवशीं उभारलेल्या निशाणावर तें दिसतें. या चालीचें मूळ मध्ययुगांतील युद्धांत आहे. नखशिखांत चिलखत घातलेल्या सरदाराचें तोंड झांकलेलें असे. आपला कोण व परका कोण हें दुरून ओळखूं यावें म्हणून ढालीवर खूण रंगवीत. पुढें ती खूण त्या घराण्याची झाली. आणि नगरांनीं स्वतःचे शिक्के करून दस्तऐवजांवर उठविण्यास आरंभ केला, तेव्हां अशाच खुणा नगरांच्याही झाल्या.

या लेखांत आम्ही जर्मनींतील खाणनगरांच्या ढालींचा विचार करणार आहों. चांदी, तांबें, शिसें, मीठ व दगडी कोळसा यांच्यामुळें जीं नगरें वसलीं किंवा वाढलीं, त्यांच्या ढाली पाहण्यासारख्या आहेत. ढालीवर सामान्यतः सिंह, गरुड, मुकुट, तरवार अशीं राजेरजवाड्यांचीं चिन्हें असावयाचीं. परंतु या नगरांपैकीं कित्येकांनीं त्याच मानाच्या जागीं मजुराच्या हातांतलीं हत्यारें ठेविलीं आहेत. तीं तेथें कशीं गेलीं, काय सांगतात, आणि काय सांगत नाहींत, हें पाहूं.

ढाल कशी वाचावी

ढाल वाचण्याचें शास्त्र आहे व त्याचे नियम फार अवघड नाहींत. पिवळा म्हणजे सोनें आणि पांढरा म्हणजे रुपें. या दोहोंस 'धातु' म्हणतात. तांबडा, निळा, काळा व हिरवा हे मुख्य 'रंग' होत. धातूवर धातु व रंगावर रंग सहसा ठेवूं नये, असा पहिला नियम आहे. पिवळ्यावर पांढरें किंवा काळ्यावर निळें काढलें तर तें दुरून दिसत नाहीं, एवढेंच त्याचें कारण. दुसरा नियम असा कीं, ढालीची उजवी व डावी बाजू पाहणाराची नव्हे, तर ढाल धरणाराची समजावी. म्हणून आपल्या डाव्या हाताकडे दिसणारी बाजू ती ढालीची उजवी. पुस्तक एकाच शाईनें छापावयाचें असेल तर रंग रेघांनीं दाखवितात: आडव्या रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे तांबडा, ठिपके म्हणजे सोनें, आणि कोरी जागा म्हणजे रुपें. हें ध्यानांत ठेविलें तर काळ्या चित्रांतही रंग वाचतां येतात.

नगराचें निशाण बहुधा ढालीपासूनच निघतें. ढालींतील मुख्य रंग घेऊन त्यांचे दोन किंवा तीन पट्टे करितात. उदाहरणार्थ, एस्सेन नगराच्या ढालींत निळा व सोनेरी हे रंग आहेत, आणि त्याचें निशाणही निळें-पिवळेंच आहे. जर्मनींत निशाण आडव्या दांड्याला उभें लोंबतें सोडण्याची चाल पुष्कळ आहे. तशा निशाणावर पट्ट्यांच्या मध्यें ढालही काढतात.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. निळा म्हणजे निष्ठा, तांबडा म्हणजे शौर्य, असे ठराविक अर्थ पुष्कळ लोक सांगतात. असे अर्थ बहुधा मागाहून लावलेले असतात. ज्यानें चिन्ह केलें त्यानेंच अर्थ सांगितला असेल तर गोष्ट निराळी. मार्टिन ल्यूथर यांनीं आपल्या मुद्रेचा अर्थ इ. स. १५३० मध्यें एका पत्रांत स्वतः लिहून ठेविला आहे. काळा वधस्तंभ, त्याभोंवतीं तांबडें हृदय, मग पांढरा गुलाब, निळें आकाश व सोन्याचें कडें, असा प्रत्येक भाग त्यांनीं उलगडून दाखविला. नगरांच्या बाबतींत असें पत्र क्वचितच सांपडतें. म्हणून तेथें इतिहास पाहावा व तर्क जपून करावा.

हातोडा व टांकी

खाणनगरांच्या ढालींवर सर्वांत अधिक वेळां आढळणारें चिन्ह म्हणजे एकमेकांवर फुलीसारखीं ठेवलेलीं दोन हत्यारें. चित्रांत दोन्ही हातोडेच वाटतात. परंतु त्यांतील एकच हातोडा आहे. त्याचें जर्मन नांव 'श्लेगेल'. दुसऱ्याचें नांव 'आयझेन', म्हणजे लोखंड. हें दुसरें हत्यार म्हणजे आमच्याकडील पाथरवटाची टांकीच होय; फरक इतकाच कीं तिला आडवा लांकडी दांडा असतो. खाणकरी डाव्या हातानें दांडा धरून टांकीचें टोंक खडकावर टेंकवी आणि उजव्या हातांतील हातोडा तिच्या माथ्यावर मारी. दांड्यामुळें हात घावापासून दूर राहत असे. कठीण खडकावर टोंक लवकर बोथट होई. म्हणून तो अनेक टांक्या एकत्र ओवून बरोबर नेई, आणि बोथट झालेल्या टांक्या लोहाराकडे परत येत. सुरुंगाच्या दारूचा उपयोग खाणींत सतराव्या शतकांत सुरू झाला. त्यापूर्वीं कित्येक शतकें डोंगराच्या पोटांतील बोगदे असे एकेका घावानें खोदले गेले. कोठें कोठें आधीं जाळ करून खडक तापवीत व तडकवीत. परंतु शेवटचें काम हातोडा व टांकी यांचेंच. जुन्या बोगद्यांच्या भिंतींवर त्या घावांच्या बारीक समांतर रेघा आजही दिसतात.

जर्मन खाणींचें हें सारें काम गेओर्ग आग्रिकोला या वैद्यानें डोळ्यांनीं पाहून लिहून ठेविलें. त्याचा 'दे रे मेतालिका' हा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १५५६ मध्यें बाझेल येथें छापला गेला. हत्यारें, चाकें, पंप, भट्ट्या यांचीं लांकडी ठशांचीं चित्रें त्यांत आहेत, आणि हातोडा व टांकी यांचीही आहेत.

ढालीवर हातोडा वर व टांकी खालीं असते. काम संपल्यावर खाणकरी आधीं डाव्या हातांतील टांकी खालीं ठेवी व मग तिच्यावर हातोडा ठेवी, असें त्याचें कारण सांगतात. याच चिन्हाचा उपयोग नकाशांतही होतो. चालू खाण दाखवावयाची असेल तर तें सरळ छापतात, म्हणजे दांडे खालीं; खाण बंद पडली असेल तर उलटें छापतात. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

तीन नगरें आणि एक दंतकथा

झाक्सन प्रांतांतील फ्रायबेर्ग नगराविषयीं अशी कथा सांगतात कीं, हाले गांवचे गाडीवान मीठ घेऊन बोहेमियाकडे चालले असतां वाटेंतील चाकोरीमध्यें त्यांस चकाकणारा दगड दिसला. त्यांनीं तो उचलून हार्त्स पर्वतांतील गोस्लार येथें परीक्षेस नेला, आणि तेथील जाणत्यांनीं पाहिलें तों त्यांत चांदी होती. इ. स. ११६८ हें फ्रायबेर्ग येथें चांदी सांपडल्याचें साल मानितात. कथा खरी असो वा नसो. तिच्यांत आलेलीं तिन्ही नगरें मात्र खरीं आहेत, आणि त्यांच्या ढाली शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या तर पुष्कळ शिकावयास मिळतें.

गोस्लारची ढाल सोन्याची व तिच्यावर काळा गरुड आहे. गरुड सम्राटाचा; कारण गोस्लार हें सम्राटाच्या प्रत्यक्ष सत्तेखालचें नगर होतें. ढालीवर खाणीचें नांवही नाहीं. परंतु सम्राटांनीं अकराव्या शतकांत येथें राजवाडा कां बांधिला, असा प्रश्न विचारला कीं उत्तर शेजारच्या राम्मेल्सबेर्ग डोंगरांत सांपडतें. त्या डोंगरांतील चांदीचा उल्लेख इ. स. ९६८ च्या सुमाराचा आहे. चांदी निघाली म्हणून सम्राट आला, आणि सम्राट आला म्हणून गरुड आला.

फ्रायबेर्गच्या निळ्या ढालीवर रुपेरी तट, तीन बुरूज आणि मायस्सेनच्या राजवंशाचा काळा सिंह आहे. तेथेंही हातोडा नाहीं. खाणीची आठवण नगराच्या नांवांत आहे: 'फ्रायबेर्ग' म्हणजे मोकळा डोंगर. ज्याला धातु शोधावयाचा असेल त्यानें येथें येऊन खुशाल खोदावें, ठराविक भाग राजास द्यावा, असा तेथील धन्याचा कौल होता. दूरदूरचे लोक याच कौलामुळें आले. पुढें इ. स. १७६५ मध्यें याच गांवीं खाणशास्त्राचें विद्यालय निघालें व तें आजही विश्वविद्यालय म्हणून चालू आहे. जर्मेनियम हा मूलपदार्थ तेथील अध्यापक क्लेमेन्स विंक्लर यांनीं इ. स. १८८६ मध्यें शोधून काढला.

हालेची ढाल रुपेरी असून तिच्यावर तांबडी चंद्रकोर व दोन तांबडे षट्कोनी तारे आहेत. हालेचें वैभव खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर व तें आटवून काढलेल्या मिठावर उभें राहिलें. म्हणून तारा म्हणजे मिठाचा खडा आणि कोर म्हणजे मीठ आटविण्याची कढई, असा अर्थ कित्येक लावितात. परंतु या बाबतींत एकमत नाहीं. या नगराशीं आपला एक जुना ऋणानुबंध आहे. तेथील फ्रांके यांच्या संस्थेशीं संबंध असलेले त्सीगेनबाल्ग हे इ. स. १७०६ मध्यें तरंगंबाडीस उतरले. हालेंतच शिकलेले ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्स पुढें तंजावरास राहिले, आणि तेथील मराठा राजपुत्र सरफोजी यांच्या शिक्षणाची व रक्षणाची काळजी त्यांनीं वाहिली. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्यामुळें नांवारूपास आलें, तेच हे सरफोजी राजे.

हार्त्स पर्वतांतील सात नगरें

हार्त्स पर्वताच्या वरच्या भागांत सात 'डोंगरनगरें' होतीं: क्लाउस्थाल, त्सेलरफेल्ड, आंद्रेयासबेर्ग, आल्टेनाउ, लाउटेनथाल, विल्डेमान व ग्रुंड. खाणकऱ्यांनीं तेथें येऊन वसावें म्हणून राजांनीं त्यांस विशेष हक्क दिले होते.

विल्डेमान म्हणजे रानमाणूस. पहिले खाणकरी इन्नेर्स्टे नदीच्या खोऱ्यांत शिरले तेव्हां त्यांना तेथें एक रानमाणूस व त्याची स्त्री आढळलीं, अशी कथा आहे. नगराच्या ढालीवर हातांत झाड घेतलेला तोच रानमाणूस उभा आहे. या प्रांतीं पडलेल्या चांदीच्या नाण्यांवरही तो असे. नांवाचा अर्थ चित्रानें सांगणाऱ्या अशा ढालींस 'बोलक्या ढाली' म्हणतात. आंद्रेयासबेर्गची ढालही बोलकीच. तिच्यावर प्रेषित अंद्रिया आपला तिरपा वधस्तंभ धरून उभा आहे. या गांवचे खाणकरी तुटपुंज्या मजुरीस जोड म्हणून घरोघर कॅनरी पक्षी पाळीत व गावयास शिकवीत. ते पक्षी दूरदेशीं विकले जात.

क्लाउस्थालची कीर्ति दुसऱ्या कारणांनीं आहे. खोल खाणींतून वर येण्यास शिडीशिवाय साधन नव्हतें. दिवसभर खडक फोडून थकलेल्या माणसास अंधारांत शेंकडों पायऱ्या चढाव्या लागत. इ. स. १८३३ मध्यें या भागांत वरखालीं हलणाऱ्या दोन दांड्यांचें यंत्र बसविण्यांत आलें. दांड्यांस पावठे असत, आणि एका पावठ्यावरून दुसऱ्यावर पाऊल टाकीत माणूस वर येई. पुढच्याच वर्षीं विल्हेल्म आल्बेर्ट या खाणअधिकाऱ्यानें लोखंडी तारा पिळून दोर केला. कारण तागाचे दोर कुजत व साखळीची एक कडी तुटली कीं सारी साखळी जाई. आज मोठमोठे पूल व उद्वाहक ज्या तारदोरांवर लोंबतात, त्यांचा वंश येथून सुरू होतो. याच क्लाउस्थालमध्यें इ. स. १८४३ सालीं एका खाणअधिकाऱ्याच्या घरीं रॉबर्ट कॉख यांचा जन्म झाला. क्षयाचे जंतु त्यांनीं इ. स. १८८२ मध्यें दाखविले; आणि मुंबईंत प्लेगचा कहर चालू असतां इ. स. १८९७ मध्यें ते जर्मन शास्त्रज्ञांच्या मंडळाबरोबर तेथें संशोधनास आले होते.

खाण आणि उपासना

जो माणूस सकाळीं जमिनीखालीं उतरतो त्यास संध्याकाळीं सूर्य दिसेलच अशी खात्री नसते. म्हणून खाणकऱ्यांच्या वस्तींत धर्मभावना खोल रुजलेली आढळते. जर्मन खाणकरी एकमेकांस भेटतांना 'ग्ल्युक आउफ' म्हणत. खडक उघडो व भाग्य सांपडो, असा तिचा मूळ भाव. आणि सुखरूप वर ये, असाही अर्थ तिच्यांत ऐकूं येतो.

संत आन्ना ही खाणकऱ्यांची कैवारी मानली जाई. इ. स. १४९६ मध्यें वसलेलें आन्नाबेर्ग तिच्याच नांवाचें. तेथील मंदिरांत हान्स हेस्से या चित्रकारानें इ. स. १५२१ मध्यें रंगविलेली वेदी आहे. वेदीच्या मागील बाजूस खाणकऱ्यांचें काम, धातु धुणें, भट्टी व नाणीं पाडणें हीं सर्व दृश्यें आहेत. देवाच्या वेदीवर मजुराचें काम चितारण्यास त्या लोकांस संकोच वाटला नाहीं.

ल्यूथर यांचे वडील हान्स हे मान्सफेल्ड येथें तांब्याच्या खाणी व भट्ट्या चालवीत. इ. स. १५०५ मध्यें वादळांत वीज जवळ पडली तेव्हां तरुण ल्यूथर यांनीं भीतीनें संत आन्नेचाच धांवा केला. खाणकऱ्याच्या घरांत वाढलेल्या मुलाच्या तोंडीं तेंच नांव यावें हें स्वाभाविक होतें. त्यांचे शिष्य योहान्नेस माथेसियुस हे बोहेमियांतील योआखिम्सथाल या चांदीच्या गांवीं उपदेशक झाले. खाणकऱ्यांस त्यांच्याच धंद्याचे दाखले देऊन केलेलीं त्यांचीं प्रवचनें इ. स. १५६२ मध्यें प्रसिद्ध झालीं. त्याच गांवच्या 'थालेर' नाण्यावरून 'डॉलर' हा शब्द निघाला. ज्यांच्या घरीं पवित्र शास्त्र आहे त्यांनीं ईयोबाच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय उघडून पाहावा. अंधाराच्या पोटांत शिरून धातु शोधणाऱ्या माणसाचें त्याहून जुनें व सुंदर वर्णन क्वचितच मिळेल. मनुष्य चांदीची शीर शोधतो, पण ज्ञान कोठें सांपडेल, असा प्रश्न त्या अध्यायांत पुढें येतो.

कोळशाचीं नगरें

आतां पश्चिमेकडे रूर नदीच्या खोऱ्यांत जाऊं. एकोणिसाव्या शतकांत येथें कोळशाच्या खोल खाणी निघाल्या आणि खेड्यांचीं शहरें झालीं. इ. स. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारें सहा लक्ष माणसें काम करीत होतीं. एवढ्या कोळशाच्या प्रदेशांत प्रत्येक ढालीवर हातोडा असेल असें वाटतें. परंतु तसें नाहीं, आणि कारण उघड आहे: कित्येक नगरें कोळशाहून जुनीं आहेत.

एस्सेनच्या चिन्हांत एका मुकुटाखालीं दोन ढाली आहेत. एकीवर दोन डोक्यांचा गरुड, दुसरीवर तरवार. संत कोस्मास व दामियान या दोघां वैद्यबंधूंचा शिरच्छेद जिनें झाला, तीच ही तरवार, असें परंपरा सांगते. बोखुमच्या ढालीवर पुस्तक आहे; 'बोक' म्हणजे तेथील बोलींत पुस्तक, अर्थात् ही बोलकी ढाल. आलेनच्या ढालीवर मुकुट व पंख असलेला वाम मासा आहे. कारण त्या माशास जर्मन भाषेंत 'आल' म्हणतात. हाम नगराच्या ढालीवर मार्क येथील सरदारांचा, बुद्धिबळाच्या पटासारखा तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा आहे. या चारही नगरांच्या पोटीं कोळसा होता. ढालीवर त्याचा मागमूस नाहीं.

उलट जीं खेडीं कोळशामुळेंच शहरें झालीं, त्यांच्याजवळ जुना शिक्का नव्हता, सरदार नव्हता, कोणी संतही नव्हता. नवी ढाल करतांना त्यांच्यापैकीं अनेकांनीं हातोडा व टांकी घेतली. दुसरें कांहीं नव्हतें म्हणून घेतली, असें कोणी म्हणेल. आम्ही तसें म्हणणार नाहीं. ज्या कामानें आपलें पोट भरलें तें काम त्यांनीं लपविलें नाहीं. सिंह-गरुड उसने आणण्यापेक्षां आपल्या बापाचें हत्यार त्यांस अधिक थोर वाटलें.

ढाल जें सांगत नाहीं

तथापि ढालीचें सर्व बोलणें पुरतें समजूं नये. ढालीवर हातोडा असतो; तो धरणाऱ्याचें नांव नसतें. इ. स. १९४६ च्या फेब्रुवारींत आजच्या बेर्गकामेन नगरांतील ग्रिमबेर्ग खाणींत स्फोट होऊन ४०५ माणसें मेलीं. इ. स. १९६२ मध्यें सार प्रांतांतील लुइझेनथाल खाणींत २९९ मेलीं. श्नेबेर्गचे खाणकरी अकालीं मरत व त्या रोगास गांवाचेंच नांव पडलें होतें. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे असें हेर्टिंग व हेस्से या वैद्यांनीं इ. स. १८७९ मध्यें दाखविलें, आणि त्याचें मूळ खडकांतून निघणाऱ्या रेडॉन वायूंत आहे हें पुढें कळलें. दुसऱ्या महायुद्धांत पकडून आणलेल्या परदेशी कैद्यांकडून व नागरिकांकडून रूरच्या खाणींत बळजबरीनें काम करून घेण्यांत आलें. त्यांतील कित्येक परत गेले नाहींत. इ. स. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानांतून आलेल्या हजारों मजुरांनीं याच खाणींत आयुष्य घालविलें, आणि त्यांचीं नातवंडें आज तेथील नागरिक आहेत. यांपैकीं काहींही ढालीवर दिसत नाहीं. चिन्ह हें पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखें आहे. तें पाहून पुस्तक उघडावें, मिटूं नये.

खाण मिटते, खूण राहते

एकामागून एक खाणी बंद झाल्या. फ्रायबेर्गची चांदी व शिसें इ. स. १९६९ मध्यें थांबलीं. राम्मेल्सबेर्ग हजार वर्षें चालून इ. स. १९८८ मध्यें बंद झाला. मान्सफेल्ड प्रदेशांतील तांब्याचें काम इ. स. १९९० मध्यें, सारचा कोळसा इ. स. २०१२ मध्यें संपला. इ. स. २०१८ च्या २१ डिसेंबर रोजीं बोट्रोप येथील प्रोस्पेर-हानियेल ही जर्मनींतील दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली, आणि तीतून काढलेला शेवटचा कोळशाचा तुकडा खाणकऱ्यांनीं राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातीं दिला. ज्या खाणींचे धुराडे व लोहमनोरे एके काळीं घाण वाटत, त्यांपैकीं कांहीं आज जपून ठेविले आहेत. एस्सेनची त्सोल्फराइन खाण इ. स. १९८६ मध्यें बंद झाली व इ. स. २००१ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेली.

आतां नकाशावरील गोष्ट आठवा. खाण बंद झाली कीं नकाशांत हातोडा व टांकी उलटीं छापतात. परंतु नगराच्या ढालीवर तीं कोणीं उलटीं केलीं नाहींत. काम संपलें म्हणून कामाचा मान संपला, असें त्या लोकांनीं मानलें नाहीं.

हें लिहिण्याचा आमचा हेतु आपल्या घराकडे पाहण्याचाही आहे. वर्गांत 'वडील काय करतात' असें विचारलें असतां कित्येक मुलें मान वर करून उत्तर देतात, आणि कित्येक खालीं पाहून पुटपुटतात. खालीं पाहणाऱ्या मुलांच्या वडिलांच्या हातीं बहुधा हातोडा, करवत, आरी, कुदळ किंवा झाडू असतो. या मुलांस शरम कोणीं शिकविली? पुस्तकांनीं नव्हे, ती आम्हां मोठ्या माणसांच्या बोलण्यांतून व वागण्यांतून त्यांच्या कानांवर व डोळ्यांवर आली. ज्या हातांनीं शाळेची फी भरली त्या हातांस घट्टे आहेत म्हणून लेखणी धरणाऱ्या हातानें त्यांस लपवावें, हा अन्याय होय. आमचा प्रभु स्वतः सुताराच्या घरीं वाढला, हें आपण नाताळांत गातों आणि वर्षभर विसरतों.

विद्यार्थ्यांनीं सुटींत एक काम करावें. कागदावर एक ढाल काढावी, आणि आपल्या घराचें अन्न ज्या कामावर चाललें आहे त्या कामाचें हत्यार तिच्यावर रेखावें. धातु व रंग यांचा नियम मात्र मोडूं नये. आईबापांनीं तें चित्र पाहून हंसूं नये; तें हत्यार कसें धरतात, कोणीं शिकविलें, आणि त्यानें किती वर्षें घर चालविलें, हें मुलांस सांगावें. ढाल रंगवून होईपर्यंत मुलास आपल्या घरचा इतिहासही समजलेला असेल.